डॉक्टर व्हायचं "अजून पक्कं नाही" म्हणणाऱ्या मुलांसाठी: कनिष्ठ महाविद्यालयांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि संस्थाचालक

स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारं मूल पंधरा-सोळा वर्षांचं असतं, सोबत आई नाहीतर मामा. "मॅडम, डॉक्टर व्हायचं असं अजून पक्कं नाही, पण झाले तर आवडेल. मग सायन्स घेऊ का? केमिस्ट्री झेपेल का मला?"

हे पत्र या "अजून पक्कं नाही" म्हणणाऱ्या मुलांसाठी लिहिते आहे. ज्यांचं आठवीपासून पक्कं आहे त्यांच्यासाठी शहराशहरांत क्लास आहेत, टेस्ट सिरीज आहेत, लातूरसारखी अख्खी गावं आहेत. ज्याचं ठरलेलं नाही त्याला मात्र आपल्या व्यवस्थेत उभं राहायलाही जागा नाही. खरं म्हणजे पंधराव्या वर्षी न ठरणं हेच स्वाभाविक. अमेरिकेत शाळा संपल्यावर मुलं आधी पदवीच्या वर्गात केमिस्ट्री शिकतात आणि वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा त्यानंतर देतात. आपल्याकडे जूनमध्ये ऑनलाइन फॉर्म भरताना शाखा निवडायची आणि त्याच आठवड्यात क्लासवाल्याला दोन वर्षांच्या फीचा पहिला चेक द्यायचा, अशी रीत पडली आहे.

मी या मुलांना काय सांगते ते आधी लिहिते. त्यातलं बरंचसं खरं तर आपल्या माहितीपुस्तिकेतच असायला हवं.

पहिली गोष्ट, केमिस्ट्री घेणं म्हणजे डॉक्टर व्हायचं ठरवणं नव्हे. सायन्सच्या मुलाची खरी निवड गणित की जीवशास्त्र ही असते. केमिस्ट्री दोन्हीकडे आहे. बी. फार्मसीला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) चालतं आणि पीसीबीही (गणिताच्या जागी बायोलॉजी) चालतं. बी. एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. शेती, अन्नतंत्रज्ञान, बायोटेक, पॅथॉलॉजी लॅबचं काम, कुठेही गेलं तरी हा विषय पुढे उभाच असतो. म्हणून ज्याचं मन अजून दोलायमान आहे त्याच्यासाठी केमिस्ट्री हा सगळ्यात कमी धोक्याचा विषय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट, केमिस्ट्री सोडली म्हणजे दवाखान्याचं दार बंद झालं, असंही नाही. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय हवा. मानसशास्त्र घेऊन समुपदेशनाकडे जाता येतं, समाजकार्याची पदवी घेऊन रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक होता येतं, रुग्णालय व्यवस्थापन आहे. ज्या मुलीला आजारी माणसाजवळ बसायला मनापासून आवडतं पण मोलचं (पदार्थातले कण मोजायच्या मापाचं) गणित दिसलं की पोटात गोळा येतो, तिला या वाटा कोणी सांगतच नाही. तिला सांगितलं जातं, "एमबीबीएस नाही तर काही नाही."

तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक जाहीर सूचना काढली. तिच्यानुसार फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा बायोटेक आणि इंग्रजी यांपैकी एखादा विषय बारावी झाल्यावर जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण केला, तरी नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेला, बसता येतं. त्याआधी या विषयांची अकरावी-बारावीची दोन वर्षं नियमित वर्गात बसून काढावी लागत. २०२२ मध्ये नीटची कमाल वयाची अटही गेली. म्हणजे सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय विसाव्या वर्षी दुरुस्त करता येतो. वाट लांबची आणि कष्टाची आहे, पण आहे. घाबरून निर्णय घेणाऱ्या घरात एवढं एक वाक्य सांगितलं तरी चेहरे सैल होतात, हे मी पाहिलं आहे.

आकडेही मी लपवत नाही. २०२५ मध्ये नीटला २२ लाखांहून अधिक मुलं बसली, त्यातली १२ लाखांवर पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या घरात, आणि त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. मूल घाबरावं म्हणून मी हे सांगत नाही. केमिस्ट्रीची दोन वर्षं फक्त त्या जागेसाठी खर्ची घातली, तर ती न मिळालेल्या लाखो मुलांच्या हाती काय उरतं, हे आत्ताच बघायला हवं म्हणून सांगते.

यावर पालक विचारतात, "पण डॉक्टर झाल्यावर केमिस्ट्री लागते कुठे?" प्रश्न रास्त आहे. एमबीबीएसला केमिस्ट्री नावाचा विषय नाही. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि बायोकेमिस्ट्री, नंतर औषधशास्त्र. बारावीला आम्ही संक्रमण मूलद्रव्यांच्या डी-कक्षकांचं विभाजन शिकवतो, ते तालुक्याच्या डॉक्टरला रोजच्या कामात बहुधा लागणार नाही. पण अकरावीच्या पहिल्याच महिन्यात येणारी मोल ही संकल्पना? ती लागते. कशी, ते जरा सविस्तर लिहिते, कारण केमिस्ट्री घ्यावी की नाही हे मुलाला कळायचं असेल तर असं काहीतरी त्याच्यासमोर ठेवावं लागतं.

ओआरएसचं पाकीट घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट असेल तर त्यावर छापलेलं असतं: सोडियम क्लोराईड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम पावडर, एक लिटर पाण्यासाठी. वर्गात मी विचारते, "या लिटरभर पाण्यात सोडियम किती?" मुलं २.६ ला मिठाच्या एका मोलच्या वजनाने, म्हणजे ५८.५ ने, भागतात आणि म्हणतात, ४४ मिलिमोल. मी फळ्यावर लिहिते, ७५ यायला हवं. वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "मॅडम, सायट्रेटमध्येपण सोडियम आहे." २.९ भागिले २९४, म्हणजे दहाच्या जवळपास, आणि एका रेणूत सोडियम तीन. तीस मिळाले. ४४ आणि ३० झाले ७४, म्हणजे जवळजवळ ७५. आता ग्लुकोज: १३.५ भागिले १८०. उत्तर बरोबर ७५.

इथे मी थांबते आणि मुलांना दोन्ही आकडे पुन्हा बघायला लावते. तराजूवर ग्लुकोज मिठाच्या पाचपट आहे. कणांच्या मोजणीत ग्लुकोज आणि सोडियम सारखे आहेत. हे मुद्दाम केलेलं आहे. लहान आतड्याच्या भिंतीत असं एक प्रथिन असतं जे सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनं आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जुलाबात आतड्याची बाकी यंत्रणा कोलमडली तरी हे दार सहसा चालू राहतं. नुसतं मीठपाणी पाजलं तर ते तितकं शोषलं जात नाही; साखर फार घातली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. याच कारणाने २००२ मध्ये जुनं सूत्र बदलून द्रावणाची तीव्रता (विरघळलेल्या एकूण कणांची मोजणी) लिटरमागे ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलवर आणली गेली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवला आणि पिंपांतून तो लोकांना प्यायला दिला. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

ही सगळी केमिस्ट्री अकरावीची आहे. हा तास झाल्यावर ज्या मुलाच्या डोळ्यात काहीतरी हलतं, ते मूल पुढे डॉक्टर होवो न होवो, केमिस्ट्री त्याने घ्यावी. ज्याला त्या तासालाही कंटाळाच आला, त्यालाही स्वतःबद्दल काहीतरी कळलं, आणि तेही तितकंच मोलाचं आहे. बारावीच्या आयनिक समतोलाच्या धड्यात बफर (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, फारसं हलू न देणारं द्रावण) येतं, तिथेही हेच करता येतं. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या अरुंद पट्ट्यात राहतो. मधुमेहाच्या रुग्णाचं इन्सुलिन तुटलं की रक्तात आम्लं साठतात आणि तो खोल, जोरजोरात श्वास घ्यायला लागतो, कारण शरीर कार्बन डायऑक्साईड बाहेर टाकून समतोल सावरू बघतं. फळ्यावरचं समीकरण आणि खाटेवरच्या माणसाचा श्वास यांचा हा संबंध एकदा दिसला की ते समीकरण पाठ करावं लागत नाही.

आता तक्रारीकडे येते. मूल स्वतःला असं पारखू शकेल अशी जागा म्हणजे आपलं कनिष्ठ महाविद्यालय, आणि ती जागाच आपण रिकामी केली आहे.

इंटिग्रेटेडचा कारभार आपल्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. प्रवेश कॉलेजात, शिक्षण क्लासमध्ये, हजेरी कागदावर. शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो यालाच आळा बसावा म्हणून, आणि त्यानंतर काय झालं ते आपण सारे बघतो आहोत. कारण उघड आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के पुरतात, राखीव प्रवर्गांना ४०. बाकी सगळं नीटच्या गुणांवर. तेव्हा पालकांना वाटतं, कॉलेजात बसून वेळ कशाला घालवायचा? नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातले ४५ केमिस्ट्रीचे, चुकलं की एक गुण वजा. क्लासमध्ये केमिस्ट्री याच मापाने कापून दिली जाते: प्रश्नाला एक मिनिट, अडलं तर सोड आणि पुढे जा. परीक्षेसाठी ते कौशल्य लागतं, मी ते नाकारत नाही. पण या चाळणीतून ज्या मुलाला केमिस्ट्री पहिल्यांदा भेटते ते तीन महिन्यांत ठरवतं, "आपल्याला नाही जमणार." त्याला विषय जमत नाही की वेग जमत नाही, हे त्याला कळायला मार्गच नसतो. दर वर्षी अशी हुशार मुलं बी. एस्सी.ला येतात आणि प्रयोगशाळेत बिचकत उभी राहतात, कारण दोन वर्षांत त्यांनी ब्युरेट (थेंबाथेंबाने द्रावण सोडायची मोजनळी) हातात धरलेली नसते.

प्रात्यक्षिकांचं बोलायलाच हवं. मंडळाने केमिस्ट्रीचे १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाला ठेवले आहेत. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून मोजणं) हे त्यातलं अगदी नेहमीचं. ब्युरेटमधलं द्रावण इतकं गडद जांभळं की खालची कड दिसत नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेवरून घ्यायचं. फ्लास्क गरम करायचा, साठ-सत्तर अंशांपर्यंत. पहिला थेंब पडतो आणि रंग जातच नाही; मूल घाबरून माझ्याकडे बघतं. हलवत राहा, म्हणते मी. रंग हळूहळू जातो. दुसरा त्याहून लवकर, आणि मग थेंब पडताक्षणी नाहीसे व्हायला लागतात, कारण अभिक्रियेत तयार झालेलं मँगनीज स्वतःच तिला वेग देतं. शेवटी एका थेंबाने फिकट गुलाबी रंग येतो आणि राहतो. तीन रीडिंग जुळली की सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं स्थिर रीडिंग, लिहायचं. पहिल्यांदा कोणाचीच जुळत नाहीत. एका थेंबाने पुढे गेलेल्या मुलाने पुन्हा पिपेट भरून सुरुवात करायची की शेजारच्याचा आकडा उतरवायचा, हा निर्णय त्या टेबलावर त्याला एकट्याला घ्यायचा असतो. ज्याला पुढे औषधाचा डोस मोजायचा आहे त्याला मी दुसरी कुठलीही परीक्षा घेण्याआधी या टेबलापाशी उभं करीन.

बऱ्याच ठिकाणी हे टेबल जानेवारीपर्यंत धूळ खातं. मग आठवड्याभरात सगळे प्रयोग "दाखवले" जातात, जर्नलं उतरवली जातात, आणि तिसातले भरघोस गुण सरसकट पडतात. प्रयोगशाळा सहायकाचं पद रिकामं, रसायनांना पैसे नाहीत, गॅसची जोडणी बंद. या अडचणी खऱ्या आहेत, विनाअनुदानित तुकड्यांत तर फारच. तरीही क्लासशी केलेल्या टाय-अपमधून येणाऱ्या पैशातला थोडा भाग ब्युरेट आणि पिपेटवर खर्च होऊ नये, इतकी ओढाताण कुठल्याच संस्थेची नसते.

भाषेचा प्रश्न आपण बोलतच नाही. दहावीपर्यंत आम्ल, आम्लारी, क्षार, संयुजा, उत्प्रेरक म्हणणारं मूल जूनमध्ये अकरावीत येतं आणि सगळं इंग्रजीत सुरू होतं. नीटची प्रश्नपत्रिका १३ भाषांत मिळते आणि त्यांत मराठी आहे. पण ज्या दोन वर्षांत तिची तयारी करायची ती आपल्याकडे जवळपास सगळीकडे इंग्रजीतून जातात. मराठी माध्यमाची मुलगी पहिल्या चाचणीत नापास होते ती बहुतेक वेळा प्रश्न न समजल्यामुळे, आणि घरी जाऊन सांगते की केमिस्ट्री अवघड आहे. मी गेली काही वर्षं पहिला महिना दोन्ही भाषांत शिकवते. नवा शब्द आला की आधी दहावीचा ओळखीचा शब्द, मग इंग्रजी, मग पुन्हा वाक्यात. वेळ जातो, पण सप्टेंबरपर्यंत तो भरून निघतो. एका मुलीने मला पहिल्या महिन्यात सांगितलं होतं की ती आर्ट्सला जाणार, सायन्स आपलं नाही. ती आता बी. फार्मसी करते आहे. तिच्याच वर्गातला एक मुलगा, नीटचा पक्का उमेदवार, दिवाळीनंतर मानसशास्त्राकडे वळला. त्याच्या वडिलांची समजूत काढायला मला दोन-तीनदा त्यांच्या दुकानात जावं लागलं. मला दोघांचाही सारखाच आनंद आहे. दोघांनी विषय नीट बघितला आणि मग ठरवलं.

तर माझं मागणं असं आहे. अकरावीचं पहिलं सत्र केमिस्ट्रीसाठी खरोखर चालवा. जूनपासून दर आठवड्याला प्रयोगशाळा उघडी ठेवा, आठवड्याला एकच प्रयोग झाला तरी चालेल, पण मुलांच्या हातून होऊ दे. पहिला महिना दोन भाषांत शिकवायला शिक्षकाला मोकळीक द्या आणि "पोर्शन कुठे पोचला" हे त्या महिन्यात विचारू नका. दिवाळीच्या आधी प्रत्येक मुलाशी आणि पालकांशी एकदा बसून बोला, गुणपत्रिका बाजूला ठेवून: विषय आवडतो का, काय अडतं, पुढे काय वाटतं. ज्याला शाखा किंवा विषय बदलायचा आहे त्याचा अर्ज नियमात बसेल तितक्या उशिरापर्यंत घ्या, आणि तो अर्ज करणाऱ्याला हरलेला समजू नका.

फीबद्दलही बोलते, कारण मुलाचं मन बदललं तरी पाऊल मागे घेता येत नाही ते फीमुळे. दोन वर्षांचे पैसे आधीच भरलेले असले की ऑगस्टमध्ये "मला हे नको" म्हणायची हिंमत कुठल्या मुलाला होईल? केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत क्लासने १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये आणि कोणी मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असं म्हटलं आहे. आपल्या आवारात ज्यांचे वर्ग भरतात त्यांच्याकडून एवढं तरी लिहून घ्या. करार आपण करता, तेव्हा अट घालणंही आपल्याच हातात आहे.

आणि माहितीपुस्तिका. पहिल्या पानावर नीटमध्ये चमकलेल्या मुलांचे फोटो असतात, ते असू द्या; त्या मुलांनी कष्ट केले आहेत. त्याच्या पुढच्या पानावर वर लिहिलेल्या तीन गोष्टी साध्या मराठीत छापा: केमिस्ट्रीने कुठली दारं उघडतात, तिच्याशिवाय आरोग्यक्षेत्रात कुठे जाता येतं, आणि विषय नंतर कसा घेता येतो. पान भरायला दहा ओळी पुरतील. मजकूर हवा असेल तर मी लिहून देते, आणि ओआरएसच्या पाकिटाचा तास ज्यांना घ्यायचा असेल त्यांना माझी टाचणंही देते. त्यासाठी लागतं ते एक पाकीट, एक फळा आणि पाऊण तास. यंदाची पुस्तिका छापायला जाण्याआधी हे व्हावं, एवढी विनंती.

कळावे,
आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका